रात्रभराच्या नाटकाला दोन तासांचं माप

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी २७ वर्षांची. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, वडशाजवळचं. सहा वर्षांपासून पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी एका प्रायोगिक नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना सांभाळते. वडील तीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांमध्ये ऑर्गन वाजवतात. गेल्या हंगामात शहरातल्या एका समीक्षकाने तिकडचं एक नाटक अर्धं पाहिलं आणि लिहिलं, की हे नाटक नव्हे, रात्रभराचा गोंगाट आहे; प्रॉम्प्टरच्या तोंडून बोलणारे नट, कारण नसताना येणारी गाणी आणि नुसती रडारड. संस्थेत चहाच्या वेळी तो लेख मोठ्याने वाचला गेला, एकाने नक्कल केली, सगळे हसले. ही गप्प राहिली. तिचे वडील त्याच रंगभूमीवर आहेत, हे तिथे कुणालाच माहीत नाही. आठवड्याने कुणीतरी तो लेख वडिलांच्याच फोनवर पाठवला. त्यांनी लेकीला फोन करून एवढंच विचारलं, “बेटा, आपलं काम खरंच एवढं खराब आहे का?” ती लिहिते: “मी विषय बदलला. आता दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा आहे, बाबांचं नाटक आहे. एकीकडे वाटतं, त्या लेखाला सणसणीत उत्तर द्यावं. दुसरीकडे वाटतं, गाणी कमी करून दोन तासांचा नीटनेटका प्रयोग पुण्यात आणून दाखवावा. आणि ताई, खरं सांगते, मलाही त्यातलं सगळं आवडत नाही. मग मी कशाच्या जोरावर भांडू?”

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लेखाबद्दल तू दीड पान लिहिलंस, बाबांच्या फोनबद्दल चार ओळी. पण मला त्या चार ओळींतून बाहेर पडता येईना. त्यांनी तुला लेख खरा की खोटा हे विचारलं नाही. “आपलं काम” म्हणाले. त्या “आपलं” मध्ये त्यांनी तुलाही धरलं आहे. तू पुण्यात दिवे लावतेस, ते वडशाला ऑर्गन लावतात. त्यांच्या लेखी दोघं एकाच धंद्यातली माणसं आहेत. म्हणून हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुणाला केला नाही. त्याचं उत्तर अजून बाकी आहे, आणि समीक्षकाला द्यायच्या उत्तराच्या आधी ते द्यायला हवं.

आता लेखाकडे वळू. तुझ्या दोन्ही बेतांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती तपासून पाहूया. सणसणीत उत्तर द्यायचं ते पुण्याला पटावं म्हणून. दोन तासांचा प्रयोग करायचा तोही पुण्याला आवडावा म्हणून. म्हणजे परीक्षा पुण्यात आहे आणि बाबा परीक्षेला बसले आहेत, हे तू मनातल्या मनात मान्य करून टाकलंस. ही परीक्षा ठरवली कुणी?

नाटक कसं आहे हे सांगण्याआधी ते कुणासाठी आणि कसल्या रात्रीसाठी बांधलंय, हे पाहावं लागतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या माहेरी, भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे, मी मंडईला गेले होते. धान निघालेल्या बांधीत मंडप, खाली तणस, त्यावर सतरंज्या, कडाक्याची थंडी. प्रत्येक घरी पाहुणे होते. लेकी माहेरी आलेल्या, जावई आलेले, लग्नाच्या मुलामुलींना घेऊन लांबचे सोयरे आलेले. एवढी माणसं घरात झोपणार कुठे? तर ती नाटकाला जातात. साडेदहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, तेव्हा पहिली बस सुटायची वेळ झालेली असते. सगळ्या गावाने मिळून पाहुण्यांना दिलेली ती रात्र असते. मध्ये मूल झोपतं, म्हातारं माणूस उठून चहा पिऊन येतं, दोन घरच्या बायका सोयरिकीचं बोलून घेतात. अशा रात्रीत कथा दोनदा सांगावी लागते, दुःख मोठ्याने सांगावं लागतं, आणि गाणं आलं की पांगलेलं लक्ष पुन्हा रंगमंचावर येतं. समीक्षकाला ती गाणी “कारण नसताना” वाटली. ते कारण त्याच्या पाठीमागे मंडपात बसलेलं होतं. मागे वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं.

त्या रात्रीतला एक प्रसंग सांगते, कारण तो तुझ्या बाबांच्याच कामाचा आहे. दुसऱ्या अंकात नायिकेचं वाक्य हुकलं. माइक खरखरला आणि प्रॉम्प्टरचा आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही. ती दोन पावलं पुढे आली, पदर सावरला, नजर खाली. तिला काही आठवत नव्हतं, हे मलाही कळलं. आणि ऑर्गनवर एक सूर लागला, बारीक, लांबवलेला. मास्तरने तो धरून ठेवला, मग पुढे पाच मिनिटांनी यायच्या गाण्याचा मुखडा हळूच वाजवला. तिने मान वर केली आणि गाणं उचललं. गाणं संपेपर्यंत प्रॉम्प्टरने पान सापडवलं होतं, समोरच्या नटाने आपली जागा बदलली होती, आणि नाटक जणू असंच बसवलेलं असावं तसं पुढे निघालं. माझ्या शेजारी शाल गुंडाळून एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने डिवचलं आणि म्हणाल्या, “पाय (बघ), मास्तरनं सांभाळून घेतलं.”

त्या आजीबाईंना सगळं दिसलं होतं. कोण चुकलं, कुणी सावरलं, कसं सावरलं. पन्नास-साठ हंगाम बघितलेला तो डोळा होता. ज्या नाटकाला असे प्रेक्षक आहेत त्याला समीक्षक नाहीत असं कसं म्हणायचं? आहेत, फक्त ते लिहीत नाहीत.

प्रॉम्प्टरचंही असंच. तुमच्या संस्थेत एक नाटक तीन महिने तालमीत असतं आणि मग त्याचे आठ-दहा प्रयोग होतात. तिकडचा नट हंगामात आज या गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं, असा नाइटच्या, म्हणजे एकेका रात्रीच्या मानधनाच्या, बोलीवर फिरतो. परशुराम खुणे यांचं उदाहरण घे. गडचिरोलीच्या या नटाने सुमारे ८०० भूमिका आणि ५००० हून जास्त प्रयोग केले. हा आकडा पाठांतराच्या रंगभूमीत बसतच नाही. तिथे वेगळं कौशल्य लागतं: कानाने वाक्य घ्यायचं आणि त्याच क्षणी चेहऱ्याने, आवाजाने ते आपलं करून लोकांपुढे टाकायचं. हे सगळ्यांना जमत नाही. वाईट नट तिथे पोपटासारखा बोलतो, चांगल्या नटाचा प्रॉम्प्टर ऐकू येत असूनही विसरला जातो. फरक करायचा तर तो इथे करावा.

खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मनापासून आनंद झाला मला. पण वादात ते नाणं आधी टाकू नकोस. “बघा, आम्हाला दिल्लीने मानलं” असं म्हटलं की पुन्हा मोठ्या गावाचा दाखलाच पुढे केल्यासारखं होतं. आपल्याला दाखला नकोय, नीट पाहणं हवंय.

तुझ्या मित्रांना मराठी रंगभूमीचा इतिहास माहीत असणारच. मग त्यांना एवढं आठवू दे, की हा उद्योग सुरूच गावाकडून झाला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, आणि त्याला निमित्त झाली कर्नाटकातून आलेली भागवत मंडळी. सूत्रधाराने पदं म्हणायची, नटांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं, राक्षसांनी आरडाओरडा करत यायचं. पुढे इंग्रजी शिकलेली मंडळी पुस्तकी नाटकं करू लागली तेव्हा त्यांनी या खेळांना नावं ठेवली, “अललडुर्र”, “तागडथोम”. आज त्याच भाव्यांच्या नाटकाच्या आठवणीत ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. ज्या खेळाला गोंगाट म्हटलं गेलं, तोच आता उगम म्हणून सांगितला जातो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचंही तेच. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. ते लिहिणारा माणूस बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा, आणि चाली कुठल्या, तर साकी, दिंडी, कामदा, कीर्तनात आणि घराघरात गायल्या जाणाऱ्या, शिवाय कर्नाटकी वळणाच्या. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला वन्समोअर पडत, कथा जागच्या जागी थांबे, खेळ मध्यरात्र उलटून चालत. शकुंतलेला दुष्यंताकडे जायला कितीही उशीर होवो, लोकांना गाणं पुन्हा हवं असे. त्या थांबण्याला आपण वैभव म्हणतो. झाडीपट्टीत कथा गाण्यासाठी थांबली की तो दोष होतो. माझ्या मते दोन्हीकडे थांबण्यामागची इच्छा एकच आहे. गाणाऱ्यांच्या तयारीत फरक असेल, आणि तो सांगायलाच हवा, पण तो तयारीचा फरक म्हणून सांगावा.

बाबांच्या ऑर्गनमध्ये तो वारसा उतरलेला आहे. खाली दंडार आणि खडी गंमत या तिकडच्या लोककला, त्यावर नाट्यसंगीत, त्यावर सिनेमाची गाणी, असे थर त्यांच्या बोटांत बसले आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोलीसाठी आणि तिथल्या लोककलांसाठी आयुष्य वेचलं. त्यांचं लिखाण वाचायला लाग. मनातलं खूपसं शब्दांत सापडेल.

आता तुझा सर्वांत प्रामाणिक प्रश्न: “मलाही सगळं आवडत नाही, मग कशाच्या जोरावर भांडू?”

त्याच जोरावर. ज्याला सगळंच आवडतं त्याचं प्रेम ठीक आहे, पण त्याच्या साक्षीला वजन येत नाही. मलाही त्या रात्री सगळं आवडलं नव्हतं. कथेशी काडीचा संबंध नसलेला रेकॉर्डिंग डान्स मध्येच घुसवला जातो, तेव्हा नाचणाऱ्या मुलीकडे ज्या नजरेने पाहिलं जातं ती मला सहन होत नाही. सून रडते, सोसते, आणि शेवटी सोसण्याचंच कौतुक होतं, हे किती वर्षं चालणार? ध्वनिवर्धक इतका चढवतात की चांगला गळाही फाटका वाटतो. आणि पेन ड्राइव्हवरचा आयता ट्रॅक लावून वादकांची नाइट वाचवायची, हे ज्या कंपन्या करतात त्या स्वतःच्या हाताने मुळं तोडतायत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे दोष माणसागणिक, कंपनीगणिक आहेत. ते दाखवताना नाव घेऊन, जागा दाखवून बोलता येतं: अमुक प्रवेशात अमुक गाणं का नको. “झाडीपट्टी म्हणजे भडक” या वाक्यात कुठलीच जागा नाही. त्यातून कुठल्याही नटाला, वादकाला उद्या काय सुधारायचं ते कळत नाही. माझ्या दृष्टीने ती टीकाच होत नाही, ती नुसती नापसंती आहे. आणि नापसंतीशी वाद घालण्यात तू शक्ती घालवू नयेस.

म्हणून सणसणीत उत्तर नको. रागाचं उत्तर दोन दिवस फिरतं, दोन्हीकडचे लोक आपापल्या बाजूला टाळ्या देतात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा कुणीतरी अर्धं नाटक पाहून तेच लिहितं. त्यापेक्षा जे त्या समीक्षकाने केलं नाही ते तू कर. या मंडईला जा, एक नाटक तिसऱ्या घंटेपासून पहाटेपर्यंत बघ, आणि त्या एका नाटकाचं परीक्षण लिही. गाव कोणतं, मंडळाने कंपनी कशी ठरवली, तिकिटाचे पैसे गावात कुठे गेले, प्रेक्षक कुठे हसले, कुठे उठून गेले, कोणत्या पदाला दाद आली आणि का. तू प्रकाशयोजना करतेस. हंगामी मंडपात, वीज कधीही जाईल अशा ठिकाणी, दिवे कसे लावतात ते तुझ्याइतकं नेमकं कोण लिहिणार? आवडलं नाही तेही त्याच लेखात लिही, त्याच ठाम आवाजात. असं एक परीक्षण झाडीपट्टीच्या बाजूने लिहिलेल्या दहा भाषणांपेक्षा मोलाचं आहे. त्या समीक्षकाला वेगळं, खासगी पत्र पाठव. चार ओळी पुरेत: आपण पहिला भाग पाहिलात, उरलेला पाहायला या, जेवायला आणि राहायला आमच्या घरी. आले तर आले.

दोन तासांच्या प्रयोगाबद्दल मात्र माझं उत्तर नाही असंच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. रात्रीतून दोन तास कापले की उरते कथा, आणि कथा हा त्या नाटकाचा सर्वांत बळकट भाग कधीच नव्हता. गाणी कमी केलीस तर बाबाच कमी होतील. सभागृहातले लोक खुर्चीत शांत बसून पाहतील, नट दाद मिळेना म्हणून आणखी मोठ्याने बोलतील, आणि सगळे म्हणतील, बघा, लेखात लिहिलं होतं तसंच आहे. शहराने लोकरंगभूमीकडून घ्यायचं तेव्हा मोकळ्या हाताने घेतलंय. ‘विच्छा माझी पुरी करा’ काय, ‘घाशीराम कोतवाल’ काय, दोन्ही उभी राहिली ती वग, कीर्तन, खेळे, दशावतार यांच्या खांद्यावर, आणि मला दोन्हींचा अभिमान आहे. पण ते शहराने आपल्या गरजेसाठी घडवलेलं शहराचं नाटक होतं. बाबांच्या कंपनीने आपलं नाटक दुसऱ्याच्या मापाने कापून न्यावं, ही गोष्टच वेगळी.

न्यायचंच असेल तर माणसं इकडून तिकडे ने. संस्थेतल्या चार-पाच जणांना घेऊन जा. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगा ओलांडली की वडसा. त्यांना वडशाच्या रस्त्यावर कंपन्यांचे फलक बघू दे, दुपारी गाडीत सामान चढताना बघू दे. अट एकच घाल: पहाटेपर्यंत उठायचं नाही, आणि बसायचं ते पाहुण्यांच्या खुर्चीवर नव्हे, लोकांत. नक्कल करणाऱ्या मुलाला आवर्जून ने. त्याने चांगली नक्कल केली असेल, तर त्याचा कान चांगला आहे. अशा कानाला ऑर्गनजवळ बसवलं तर तो काय ऐकेल, ते त्याचं त्यालाही आज ठाऊक नसेल.

पण त्या आधी एक गोष्ट तुला करावी लागेल, आणि ती सगळ्यांत अवघड आहे. चहाच्या त्याच वेळी, त्याच लोकांत म्हणायचं, “माझे बाबा झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतात.” एवढंच. समर्थन नको, तक्रार नको, तुम्ही हसलात म्हणून मला लागलं हेही लगेच नको. तू गप्प राहिलीस म्हणून स्वतःला दोषी समजते आहेस, पत्रात तीन ठिकाणी तसं लिहिलंयस. अगं, सगळे हसत असताना एकटीने बोलायला आधी आपली जागा ठाऊक असावी लागते, आणि तू सहा वर्षं ती लपवून बसलीस. ते हसले एका अनोळखी रंगभूमीला. तुझे बाबा समोर आले की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हसता येणार नाही. ज्यांना येईल त्यांच्यासोबत दिवे लावायचे की नाहीत, ते तू नंतर ठरव.

अशीच पत्रं मला इतर ठिकाणांहूनही येतात. सिंधुदुर्गातल्या एका मुलाने लिहिलं होतं, मामा दशावतारात स्त्रीपार्ट करतात आणि मुंबईच्या कॉलेजात ते सांगायची लाज वाटते. त्यालाही मी हेच म्हणाले: लिखित संहितेशिवाय रात्रभर पुराणातला संवाद उभा करणाऱ्या माणसाला आधी विचार, की हे जमतं कसं. मामांनी त्याला तीन रात्री सांगितलं. लाज वाटणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, की बचाव करायच्या आधी शिकून घ्या. आपल्या घरातल्या कलेबद्दल आपल्याला बाहेरच्यांपेक्षा जास्त माहिती असते असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ती नसते. आपल्याला तिचा वास माहीत असतो, आवाज माहीत असतो. ती चालते कशी, ते विचारायचं राहून गेलेलं असतं.

तुझंही तसंच आहे. बाबा कोणती चाल कुठून घेतात, तुला सांगता येईल? त्यांच्याकडे पदांच्या चोपड्या असतील, तेलाचे डाग पडलेल्या, समासात सूर लिहिलेल्या. हंगामात त्यांना वेळ नसेल, पण मंडईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झोप झाल्यावर असेल. एकेका पानाचा फोटो काढ, पद वाजवायला सांग, ते रेकॉर्ड कर, आणि विचार: हे भजनातलं की दंडारीतलं, हे कुणी शिकवलं, इथे सूर का लांबवता. नटाचं वाक्य हुकल्यावर काय करता, हेही विचार. तुझ्या लेखाची अर्धी तयारी त्या दुपारी होईल. आणि तीस वर्षांत त्यांना हे सगळं घरातल्या कुणी विचारलंय का, तेही तुला कळेल.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देऊ नकोस. ऑर्गनपाशी बसून दे. खोटं बोलू नकोस, “सगळं छान आहे बाबा” म्हणू नकोस. तीस वर्षं लोकांपुढे वाजवलेल्या माणसाला असली दाद लगेच ओळखू येते. काय आवडतं ते पदाचं नाव घेऊन सांग. काय आवडत नाही तेही सांग. आणि मग त्यांना काय आवडत नाही ते ऐक. माझा अंदाज आहे, ट्रॅकबद्दल त्यांचं मत तुझ्यापेक्षा कडक निघेल.

आज फोन कर तो फक्त तारीख विचारायला. मंडईच्या आदल्या दिवशी पोचेन म्हण, म्हणजे सामान लावताना हाताशी राहता येईल. रजेचा अर्ज आजच टाक, दिवाळीनंतर लगेच रजा मिळणं कठीण जातं.